वहिनींच्या माश्या

एकतीस वर्षं वहिनींनी माश्या रंगवल्या. माश्या, सुरवंट, मुंग्या, झालंच तर पानावरचे दवाचे थेंब. फूल मात्र एकही नाही. दिराचा कारखानाच तसा होता. तीनेकशे वर्षांपूर्वीचे डच चित्रकार काढत तशी फुलांची तैलचित्रं तिथे डझनाने बनत. मागे काळोख, पुढे काचेची फुलदाणी, आणि एकाच ऋतूत कधीच न फुलणारी ट्यूलिप, आयरिस, गुलाब अशी मंडळी तिच्यात दाटीवाटीने नांदत असलेली. पानं एकाची, फुलदाणी दुसऱ्याची, गुलाब धाकट्या जावेचे. सगळं वाळलं की कॅनव्हास वहिनींकडे येई. तीन केसांच्या ब्रशने त्या आधी माशीची सावली टाकत, मग तिच्यावर माशी बसवत. उलटं केलं तर माशी बसत नाही, तरंगते. ही विद्या त्या विचारणाऱ्याला फुकट देत. विचारत कोणी नसे, ती गोष्ट वेगळी. पाठीमागे सगळे त्यांना माशीवहिनी म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मग एका हॉटेलने जेवणघरासाठी चाळीस चित्रं मागवली. अट एकच, किडा नको.

"जेवताना समोर माशी कोणाला हवी, वहिनी?" दीर म्हणाला. "आणि आता सगळीच गिऱ्हाइकं असंच म्हणतात. एकतीस वर्षं राबलात, आता घरी आराम करा."

"आराम मेल्यावर करीन, भाऊजी. मला गुलाब द्या."

धाकटी जाऊ खुदकन हसली. "जाऊबाई, गुलाब म्हणजे माशी नव्हे हो!"

"तू गप्प बस. तुझे गुलाब साबणाच्या वेष्टनावर शोभतात."

दिराने डोकं खाजवलं. घरातल्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? "नमुन्याच्या चित्रातला खालचा एक गुलाब तुमचा. शनिवारपर्यंत. जमला तर ठीक, नाहीतर माझं ऐकायचं."

पहिला गुलाब कोबी झाला. जाऊ तसं म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तो कोबीच होता. दुसरा पुसट झाला. तिसरा वहिनींनी स्वतःच सुरीने खरवडून टाकला. एकतीस वर्षं ज्या पाकळ्यांवर त्यांनी माश्या बसवल्या, त्या पाकळ्यांकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. गुरुवारी त्यांनी अंगणातल्या कुंडीतला एक गुलाब कापून आणला आणि माशी न्याहाळायच्या भिंगाखाली धरला. बाहेरची पाकळी कुणीतरी कुरतडलेली होती. भोक केवढंसं, कडेला तपकिरी, आतून मागच्या पाकळीचा अंधार दिसणारा.

हे त्यांच्या हातचं काम होतं. त्यांनी आधी ते भोक रंगवलं, मग त्याची कड, मग ज्या पाकळीला ते पडलं होतं ती पाकळी, आणि तिला चिकटून पुढची. गुलाब असा बाहेरून आत, एकेक पाकळी धरत उभा राहिला.

शनिवारी दीर चष्मा कपाळावर चढवून चित्रावर वाकला.

"वहिनी! किड्याला बंदी आहे!"

"कुठाय किडा? दाखवा."

त्याने पानं बघितली, देठ बघितले, फुलदाणीच्या मागेसुद्धा बघितलं. "मग हे भोक?"

"खाऊन गेला. गेलेल्याला काय बंदी घालणार?"

दीर हसू दाबायला गेला आणि ठसका लागून खोकत बसला. "जाऊ दे हे चित्र हॉटेलकडे," तो डोळे पुसत म्हणाला. "हॉटेलवाला काही बोललाच तर बघू. उरलेल्या एकोणचाळीसांतही एकेक गुलाब तुमचा."

धाकटी जाऊ मात्र हसली नाही. ती आपल्या गुलाबांकडे बघत होती. त्या एकाच्या शेजारी तिचे पाचही मेणाचे दिसत होते.

"आणि माझ्या गुलाबांचं काय करायचं, जाऊबाई?"

"आण इकडे," वहिनी ब्रश तेलात बुडवत म्हणाल्या. "एकेक चावा घेते त्यांचा."