चेन लॉकची क्लिप

पान्यांची तयार पेटी विकत घेणारा माणूस मूर्ख असतो, हे मी जव्हारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभा राहून दुकानदाराला तोंडावर सांगितलं. लाल डबा, आत चाळीस नग. त्यातले तीस जन्मात लागत नाहीत आणि उरलेले दहा पहिल्याच जोराला नटाची धार मारतात. तो म्हणाला, गुरुजी, सगळे हाच नेतात. म्हटलं, म्हणूनच सगळे नंतर मेकॅनिकच्या दारात उभे असतात. मला कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. एकाच्या तर नाहीच.

तो एक म्हणजे मोखाड्याच्या नाक्यावरचा मेकॅनिक. पावसाळ्यात त्याने माझ्या मोटारसायकलला नवी चेन बसवली आणि दिवाळीनंतर सूर्यमाळच्या रस्त्यावर ती चालत्या गाडीत सुटून मागच्या चाकात अडकली. चाक जाम, गाडी आडवी. मला नुसतं खरचटलं. मागे बायको बसली होती. तिचं उजवं मनगट मोडलं.

बायको नर्स आहे. सूर्यमाळच्या अलीकडे तिचं उपकेंद्र, त्याच रस्त्याला पुढे माझी शाळा. आठ वर्षं मी तिला रोज गाडीवरून सोडत होतो. प्लास्टर निघालं, ती कामावर हजर झाली, पण गाडीवर काही बसेना. भल्या सकाळी निघून जीपसाठी उभी राहायची. जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही, आणि फाट्यावर उतरल्यावर पुढे पाऊण तास चढ. कुणीतरी दिलेली जुनी चेन घालून मी मागची सीट रिकामी घेऊन त्याच रस्त्याने जायचो. कधी ती चढावर चालताना दिसायची. थांबलो तर म्हणायची, तुम्ही व्हा पुढे. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. तिला माझ्या मागे पुन्हा बसवायचं, एवढं एकच डोक्यात होतं. आणि ती बसत नव्हती त्याचं कारण नाक्यावर टपरी टाकून बसलं होतं.

त्याला मी सोडला नाही. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी नाक्यावर गेलो. समोर चहावाल्याकडे दहाबारा जण बसले होते, त्यांना ऐकू जाईल असं बोललो. डुप्लिकेट माल घालतोस, माणसं मारायला बसलास, तुझे हात झडतील. त्याने एवढंच विचारलं की सुटलेली चेन कुठे आहे, एकदा बघू द्या. चेन मी रागाने दरीत भिरकावली होती. म्हटलं, आता वर मलाच साक्षीपुरावा मागतोस? मग तो काही बोलला नाही. मी मात्र थांबलो नाही. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या एकूण एक शिक्षकाला सांगितलं की त्या नालायकाकडे गाडी नेऊ नका. लोक ऐकतात माझं. महिनाभरात शिक्षकांच्या गाड्या जव्हारला जायला लागल्या, आणि नाक्यावरून जाताना तो रिकाम्या हाताने बसलेला दिसला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

आता चेन मी स्वतः बसवणार होतो. म्हणून दुकानात एकेक नग हातात घेऊन पारखत होतो. मागच्या चाकाच्या नटाला उघड्या तोंडाचा पाना चालत नाही, सटकतो आणि बोटं फोडतो. त्याला रिंग पाना हवा, एकोणीसचा, वजनाला जड. जुनी चेन तोडायला मेकॅनिक लोक छन्नी ठेवून हातोडी घालतात आणि हादरे सगळे चाकाला देतात. मी चेन कटर मागितला, स्क्रू फिरवून पिन अलगद बाहेर ढकलणारा. दुकानदाराने तो माळ्यावरून शोधून काढला. त्यावर इतकी धूळ होती की आख्ख्या तालुक्यात कुणी कधी मागितला नसावा. चेनच्या लॉकची क्लिप काढायला बारीक नाकाची पक्कड घेतली. शिवाय तारेचा ब्रश, चेनला द्यायला नव्वद नंबरचं ऑइल आणि नवीन चेन. दुकानदार म्हणाला, एवढ्या सामानात तुम्हीच गॅरेज टाका. मी म्हटलं, नाक्यावरचं एक बंद पाडतोच आहे, जागा होईल.

रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरलं आणि गाडी मेन स्टँडवर घेतली. बायको ओट्यावर नागली निवडत बसली होती, डाव्या हाताने. मी मुद्दाम तिच्यासमोरच काम काढलं होतं. तिने बघावं, तिचा विश्वास बसावा. रिंग पाना नटावर असा बसला की काय सांगू. कटरने पिन लोण्यातून काढावी तशी निघाली. स्प्रॉकेटचे दाते घासले, नवीन चेन ओढून घेतली, दोन टोकं जोडून लॉक घातला. राहिली ती लॉक निसटू नये म्हणून वर बसणारी क्लिप, नखाएवढी. एका बाजूने वाटोळी, दुसऱ्या बाजूला दोन टोकं. बैलाच्या कपाळासारखी आणि शिंगांसारखी.

चेनच्या खोक्यात एक कागद होता. मी कागद वाचणारा माणूस आहे, मास्तरच पडलो. त्यावर क्लिपचं चित्र आणि बाण होता. चेन ज्या दिशेला पळते तिकडे वाटोळी बाजू, उघडी टोकं मागे. उलटी बसवली तर टोकं कशाला तरी अडकून क्लिप उडते, लॉक निघतो, चेन सुटते.

हातातली पक्कड तशीच राहिली. मला दसरा आठवला.

आमच्या घरात दसऱ्याला हत्यार नुसतं पुसून पुजत नाहीत. वडिलांची शिस्त होती, खोलून धुतलं नाही तर पुजलंच नाही. नांगराचा फाळ, कोयते, विळे, सगळं सुटं करून रॉकेलने धुवायचं आणि पुन्हा जोडायचं. मोटारसायकल घरात आल्यापासून चेनसुद्धा त्यात आली. ह्या दसऱ्याला चेन मीच काढली, धुतली आणि बसवली. क्लिप हातात घेतली तेव्हा बैल दिसला, आणि बैल चालतो तो शिंगं पुढे करून. तशीच बसवली, शिंगं पुढे. हे मी विसरलो होतो असं नाही. पण ती पूजा होती. त्या कामाला दुरुस्ती म्हणावं, असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

आणि सुटे भाग ताटात घेऊन शेजारी कोण उभी होती? तीच. पावसाळ्यात नवी चेन बसत होती तेव्हा ती नाक्यावर माझ्यासोबत होती, आणि ती बघते नीट. दसऱ्याला ती म्हणाली होती की तो मेकॅनिक तुमच्या उलट लावतो, वाटोळी बाजू पुढे.

मी ओट्याकडे पाहिलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

"तू तेव्हा सांगितलं होतंस," मी म्हणालो.

"हो."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"सांगितल्यावर तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

आठवत होतं. तू सुया टोच, असं म्हणालो होतो.

सुपातले खडे बाजूला टाकत ती म्हणाली, "मी गाडीला घाबरत नाही. आधी नाक्यावर जाऊन या. मग बसेन." आणि सूप घेऊन आत गेली.

मी क्लिप बसवली, वाटोळी बाजू पुढे. चेनला ऑइल दिलं. मग चार दिवस नाक्यावर गेलो नाही. कारणं भरपूर होती. परीक्षा होती, मुळात त्याची चेन हलकीच असणार, शिवाय त्या दिवशी तो एवढा गप्प का बसला, दोन शब्द बोलायला काय झालं होतं त्याला! चारही दिवस ती जीपने गेली.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो. चहावाल्याकडे तीच माणसं होती. चूक माझी होती, क्लिप मीच उलटी लावली होती, हे मी त्याच आवाजात सांगितलं. तो कुणाच्या तरी स्टोव्हचा बर्नर पिनेने साफ करत होता. आता तसलीच कामं येत असावीत. तो उठला नाही. माझ्या गाडीजवळ सरकला, क्लिप कशी बसवलीय ते बघितलं, चेन दोन बोटांनी वरखाली करून बघितली आणि परत जागेवर सरकला. ठीक आहे म्हणाला नाही, माफ केलं तर नाहीच नाही. स्टोव्ह पुन्हा हातात घेतला आणि खाली मान घालून विचारलं,

"सिस्टरांचा हात कसा हाय आता? प्रेशर बघायचा फुगा दाबता येतो का त्यांना?"

लोक माझ्याकडे बघत होते. तिला हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.