गिझरमधला खार

परवा मेकॅनिकनं आमच्या अमरावतीच्या फ्लॅटमधला गिझर उघडला आणि ओल्या चुन्यासारखा जळका वास आला. त्या वासासरशी मी बाळापूरला, सासरच्या न्हाणीघरात जाऊन उभी राहिले.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गिझरचं पाणी कोमटच यायचं आणि सासूबाईंचा संशय माझ्या लांब केसांवर. मी न्हाऊन निघाले की त्या बादलीत बोट बुडवून बघायच्या. शेवटी मेकॅनिक आला. त्यानं टेस्टर लावला. "करंट बराबर येऊन राहिला, काकू. थर्मोस्टॅटबी ठीक हाय." मग त्यानं कॉइल बाहेर ओढली. तिच्यावर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा जाड, पांढरा थर बसला होता. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंनी तो थर नखानं खरवडून पाहिला. "खार तं पयलेपासूनच हाय," त्या म्हणाल्या, "मंग पानी आताच काहून थंड?" आणि माझ्या ओल्या वेणीकडे पाहिलं.

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. परवा मेकॅनिक तसाच पांढरा थर दाखवत होता, आणि मी सुनेचा टॉवेल किती ओला आहे ते चाचपत होते.