कंट्रोलरकाकांचा नियम

कंट्रोलरकाकांना वाचताना कोणी मध्येच हाक मारली, की ते प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत. आता हा माणूस वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक! दर दोन मिनिटांनी खिडकीत कोणीतरी डोकं घालणार आणि "भोर गाडी गेली का?" विचारणार. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत प्रत्येक प्रकरणाची सुरुवातीची पानं बोटांनी काळी झालेली आणि शेवटची कोरी करकरीत असत. काका गेल्यावर ती सगळी पुस्तकं माझ्याकडे आली, म्हणून हे मी खात्रीनं सांगते.

मी वेल्ह्याला शाळेत शिकवायची. भोरहून आम्ही एकाच गाडीनं जायचो-यायचो आणि भोरमध्ये राहायचोही भिंतीला भिंत लावून. काका ख्रिस्ती, आणि त्यांची पुस्तकंही सगळी एकाच जातकुळीची: तारण, कृपा, विश्वास, मंडळीची शिस्त. कुठले जुने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वारले, की सांत्वनाला गेलेले काका परत येताना पुस्तकांचं पोतं घेऊन येत. "पाळकीणबाईंनीच दिली हो," हे सांगताना चेहरा दुःखी ठेवायची त्यांची धडपड बघण्यासारखी असे.

मी बौद्ध घरची. मला काही पटवून द्यायला काका कधी आले नाहीत. फक्त चहा घेताना "टीचर, कृपा म्हंजे काय, सांगा बरं," असा प्रश्न टाकत आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच अर्धा तास बोलत. सुमतीकाकू आतून कपबश्या वाजवत म्हणत, "यास्नी देव दारात येऊन भेटला ना, तरी म्हनतील, वाईच थांबा, एवढं प्रकरण होऊ द्या." काका हसत, पण पुस्तक मिटत नसत.

त्यांची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून पाळकसाहेब येत आणि देवळात (चर्चला ते देऊळच म्हणत) प्रभुभोजन होई. ख्रिस्ताच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. काका मंडळीच्या वडिलांपैकी एक, म्हणजे पंचच म्हणा ना. भाटघरच्या एका घरातली रुथ अंगानं वाढली होती, पण समजेनं लहान पोरच राहिली होती. तिच्या आईनं मंडळीपुढे विनंती केली, की माझ्या लेकीलाही तुकडा द्यावा. पाळकसाहेब तयार होते. काका मात्र चार पुस्तकं काखोटीला मारून सभेला गेले. आपण काय घेतोय हे ज्याला कळत नाही, त्यानं ते घेऊ नये, त्यात त्याच्याच आत्म्याला धोका, असं त्यांनी पानं काढून दाखवलं. रुथच्या काळजीनंच बोलत होते हो, त्यात खोट नव्हती. नियम झाला. रुथची आई एवढंच म्हणाली, "पुस्तकात हाय म्हंता, तर मग असंल." पुढे तुकड्यांचं तबक जवळून गेलं की रुथ हात पुढे करी आणि आई तो हात मांडीवर दाबून धरी.

काका निवृत्त झाले आणि काकू विसरायला लागल्या. आधी आमटीतलं मीठ, मग माझं नाव. मी त्यांची धाकटी बहीण झाले. मग जेवणाआधीची प्रार्थना गेली, समोर ताट आलं की लगेच घास. आणि एक दिवस त्यांनी काकांनाच विचारलं, "तुमी कुठल्या गावचं?"

पहिला रविवार आला. काकू माझा हात सोडत नसत, म्हणून मीही गेले आणि बायकांच्या बाजूला बसले. पाळकसाहेब आधीच म्हणाले होते, "काका, सुमतीबाईंना कोण नाही म्हणतंय?"

"मीच म्हनलोय न्हवं का," काका म्हणाले. तबक काकूंसमोरून पुढे गेलं. मला त्या दिवशी काकांचा मनापासून राग आला आणि घरी आल्यावर मी तो बोलूनही दाखवला.

मग त्यांनी सगळी पुस्तकं पुन्हा काढली. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तर काका फरशीवर पुस्तकांच्या मध्ये बसलेले. मी विचारलं, "सापडलं का काही?"

"लई सापडलं, टीचर. देवाच्या बाजूनं ओळख राहिली म्हंजे पुरे, मानसाच्या ध्यानात असो नसो. हीच पुस्तकं, हीच पानं. रुथच्या टायमाला मला दिसलंच न्हाई. आता दिसतंय, तर वाटतं, मी माझ्या सोयीनं वाचतोय. सोयीनं वाचलेल्यावर भरवसा कसा ठेवू?"

पलीकडे काकू रिकाम्या सुपात काहीतरी निवडत होत्या.

शेवटी आम्ही भाटघरला गेलो. रुथ ओसरीवर घेवडा सोलत होती. काकांनी आईसमोर हात जोडले आणि म्हणाले, "नियम चुकला. मी मागं घेनार हाय. पोरीला घेऊन या."

ती बाई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "तुमी आला, बरं वाटलं काका. पन ती आता येत न्हाई. देवळात जायचं नाव काढलं की बघा काय करती."

काका वाकून म्हणाले, "रुथ बाळा, येशील ना देवळात?" रुथनं घेवडा खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. काका तसेच वाकलेले राहिले.

पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी उभं राहून नियम मागे घ्यायला सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही. रुथ आली नव्हती. काकूंच्या हातात तुकडा पडला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून ठेवला. मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. काकांनी ते बघितलं होतं. त्यांच्या पुस्तकांच्या हिशेबात याहून मोठा अनादर नव्हता. ते जागचे हलले नाहीत.

घरी आल्यावर काका खुर्चीत टेकले. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पदराची गाठ सोडू लागल्या. "घ्या पाव्हनं, खावा. लांबनं आल्यावानी दिसताय. आमचं मालक ड्यूटीवरनं येतीलच एवढ्यात."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. तुकडा तोंडात घातला. कितीतरी वेळ ते तो चावतच राहिले.

"पानी देऊ का?" काकूंनी विचारलं.