एस्तेर सिस्टरांचा केसपेपर

एस्तेर सिस्टर कुणालाही नुसता सलाम करत नसत. आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणायची पद्धत आहे. सिस्टर सलाम म्हणता म्हणता समोरच्याचं मनगट धरत, घड्याळाकडं बघत आणि पंधरा सेकंदांनी निकाल सांगत. त्यामुळं रविवारी चर्चच्या दारात रांग लागायची. माझी त्यांची पहिली भेट झाली त्या दिवशी मी राजारामपुरीतल्या शाळेत सहा तास ओरडून, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं आवरून, धापा टाकत भगिनी मंडळाच्या सभेला पोचले होते. माझी नाडी मोजून त्या म्हणाल्या, "एकशे चार. प्रार्थना मागनं कर, आधी च्या घे." मी निमूटपणे चहा घेतला.

चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा मागेच वारला होता, मुलगा परदेशात होता. दर गुरुवारी चार वाजता चर्चच्या मागच्या खोलीत त्या बायकांचा बायबलचा वर्ग घेत. गुरुवार हाच त्यांचा आठवडा, बाकीचे सहा दिवस त्याची तयारी. वर्गाला विषय एकच: येशू नेमका कोण? त्यासाठी त्यांनी एक भला थोरला पुठ्ठा आणून त्यावर चक्क दवाखान्यातला केसपेपर आखला होता. नाव, वय, पत्ता, वडिलांचं नाव, तक्रारी, तपासणी. आम्ही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं, वाचायची आणि एकेक रकाना भरायचा. बायबलमधलं वचन दाखवल्याशिवाय एक अक्षर लिहायला बंदी होती. "ऐकीव माहितीवर इंजेक्शन देत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

नाव लिहिण्यातच पहिला गुरुवार गेला. एका बाईंनी येशू हे नाव आणि ख्रिस्त हे आडनाव असं लिहायला सांगितलं. सिस्टर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, आडनाव न्हवं ते, हुद्दा हाय. अभिषेक झालेला राजा." पत्त्यावर तर दोन तट पडले, जन्म झाला म्हणून बेथलेहेमवाल्या आणि वाढला म्हणून नासरेथवाल्या. शेवटी कुणीतरी येशूचंच वचन काढलं की मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे त्याला स्वतःला, डोकं टेकायलाही ठिकाण नाही. सिस्टरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पत्ता: फिरता'. आम्ही पोट धरून हसलो. देवाच्या घरात इतकं हसलेलं चालतं, हे मला त्या खोलीतच कळलं.

तक्रारींचा रकाना मात्र भराभर भरला. भूक, तहान, घाम, अश्रू. 'दमणूक' लिहायची वेळ आली तेव्हा मी अडून बसले. तो देव होता, मग तो खरोखर कसा दमेल? आपल्याला कळावं म्हणून तसं दाखवलं असेल, असं मी म्हणाले. सिस्टरांनी वाद घातला नाही. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट माझ्यासमोर ठेवली आणि मोठ्यानं वाचायला लावली. प्रवासानं दमलेला येशू विहिरीजवळ बसला, इथवर आले आणि तीच ओळ मी पुन्हा वाचली. सासूबाईंचं करताना मला कंटाळा येई, जीव नको होई, आणि आपली श्रद्धाच कमी पडते असं वाटून मी मनातून स्वतःला फाडून खात असे. सिस्टरांनी ते ओळखलं असावं. "दमणं हे पाप न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "पाप असतं तर त्यो दमला नसता." त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

संकट आलं ते वडिलांच्या नावावरून. आईचा नवरा योसेफ लिहावं की देव लिहावं यावर तीन गुरुवार रण माजलं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं लिहिलंय की लोक त्याला योसेफाचा मुलगा समजत. त्यावर एक आजी म्हणाल्या, "लोक काय, कायबी समजत्यात." त्या हास्यकल्लोळात दार उघडलं आणि आमचे नवे पाळकसाहेब आत आले. धर्मशास्त्राचं शिक्षण संपवून नुकतेच रुजू झालेले, तरुण, अतिशय गंभीर. त्यांनी पुठ्ठ्यावर 'रुग्णाचं नाव: येशू' वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. सिस्टरांनी लगेच मनगट धरलं. "एकशे बारा. बसा साहेब."

साहेब बसले नाहीत. तुम्ही प्रभूला निव्वळ माणूस करून टाकलंत, त्याचं देवपण या कागदावर कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "वादळात होडीत उशी घेऊन झोपलाता त्योच, आन वादळाला गप बस म्हणाला त्योबी त्योच. दोघंजण चढले न्हवते होडीत."

पूर्ण देव, पूर्ण मनुष्य आणि तरीही व्यक्ती एकच, हेच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पूर्वजांनी ठरवलंय, असं पाळकसाहेबांनी कबूल केलं. पण केसपेपर त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी तोडगा काढला. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरून येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर सातजण बोलतात. पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे', सिस्टरांनी घ्यावा. सगळ्या मंडळीनं ऐकावं आणि मग वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा ते चर्चच्या पंचांनी ठरवावं. सिस्टर हो म्हणाल्या, पण त्या दिवशी घरी जाताना त्यांनी कुणाचीच नाडी बघितली नाही.

गुड फ्रायडेला चर्च गच्च भरलं होतं. वर पंखे गरगरत होते आणि खाली उपाशी माणसं घामानं निथळत होती. आधीच्या चौघांनी वीस वीस मिनिटं भरून घेतली. आम्ही वर्गातल्या बायका एका बाकावर एकमेकींचे हात घट्ट धरून बसलो होतो. सिस्टर कागद न घेताच उभ्या राहिल्या.

"वॉर्डात चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकलंय," त्या म्हणाल्या. "तहान लागली म्हणणारा माणूस नाटक करत नसतो. ह्यालाबी खरीच लागलीती. नदी, समुद्र, पाऊस ज्यानं केला, त्यो घोटभर पाणी मागतोय. देव हाय म्हणून तहान कमी लागली, असं कुठं लिवल्यालं न्हाय. आन तहान लागली म्हणून देव कमी झाला, असंबी न्हाय. मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. त्या दिवशी तितं माझी ड्यूटी न्हवती."

आणि त्या खाली बसल्या. जेमतेम दोन मिनिटं झाली होती. उरलेली अठरा मिनिटं काय करायचं ते कुणालाच कळेना. पाळकसाहेब गीत जाहीर करायला उठले, पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते तसेच उभे राहिले आणि डोळे पुसू लागले. त्यांना बघून पुढच्या बाकावरचे पंचही रुमाल शोधू लागले.

तीन वाजता बाहेर आल्यावर पाळकसाहेब सिस्टरांकडं गेले आणि गुरुवारी वर्ग किती वाजता असतो, असं विचारलं.

"चारला," सिस्टर म्हणाल्या. "वही घेऊन या."

ते आले. पुढं चार वर्षं, सिस्टर देवाघरी गेल्या त्या आठवड्यापर्यंत, ते दर गुरुवारी मागच्या सतरंजीवर बसून आमच्यासारखेच हात वर करून प्रश्न विचारत राहिले.