शेवटची अकरा मिनिटं

एक-शून्यनं पुढं असलेली टीम शेवटच्या दहा मिनिटांतच कशी काय माती खाते, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी नुसती चिडायचे. प्रश्न पडला तो माझ्या बाबांना.

मामा रेल्वेत. नागपूरहून त्याची बदली झाली, नवं क्वार्टर मिळेना, म्हणून त्यानं आपला कॉम्प्युटर महिनाभरासाठी आमच्या रिसालीच्या घरी आणून ठेवला. त्यात फुटबॉलचा एक गेम होता. त्यात आपण खेळायचं नाही, आपण मॅनेजर. टीम निवडायची, कोणाला कुठं उभं करायचं ते ठरवायचं, आणि मग मिनिटामिनिटाला काय झालं ते पडद्यावर इंग्रजीत वाचत बसायचं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. अभ्यास गेला चुलीत! इंग्लंडातला कुठलासा गरीब क्लब घेतला आणि पार येडी झाले.

बाबा जामुलच्या रस्त्यावरच्या एका लहानशा ढलाईच्या, म्हणजे ओतकामाच्या, कारखान्यात फोरमन. मोजून बोलणारा माणूस. दर दिवाळीला कोहक्याच्या एका काकांकडे फराळाचा डबा मात्र स्वतः सायकलवर नेऊन देत. त्या काकांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. दूरचे नातेवाईक असतील, असं मी धरून चालले होते.

पहिली पाळी करून बाबा तीनला घरी येत, चहा घेऊन माझ्यामागं खुर्ची टाकत.

"पुढं हायेस ना? मंग कावून घाबरून राहिली?"

"शेवटी गोल खातात हे, बाबा. दरवेळी!"

"दरवेळी? मोजलं कोणं?"

कोणीच मोजलं नव्हतं. मग काय, दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लॉगशीटचा गठ्ठा आला. नमुना बदलल्यामुळं रद्द झालेले कागद, पण रकाने छापलेले, आमच्याकडं सगळं हिंदीत: समय, काम, चोट. गोल कितव्या मिनिटाला बसला, तेव्हा आपण काय करत होतो, सगळं त्यात उतरू लागलं. 'चोट'चा रकानासुद्धा बाबा सोडत नसत. कोणाला लागलं नसेल तर 'निरंक' लिहीत आणि खाली सही ठोकत. मी हसून हसून बेजार. अहो, पडद्यावरची माणसं ती, त्यांना कुठली चोट?

पंधरा दिवसांनी त्यांनी कागद माझ्यापुढं पसरले. "पाह्य. तू पुढं गेली का सगळ्यायले मागं बोलावते. त्यानं काई होत नाही. ऐंशीनंतर माणूस थकते, अन् थकलेला माणूस चुकते. तू बदलत कावून नाही त्याले?"

"तो चांगला आहे म्हणून!"

मामा सोमवारी कॉम्प्युटर न्यायला येणार होता. रविवारी दुपारी मोसमाची शेवटची मॅच लावली. जिंकलो तर क्लब वाचणार, नाही तर मला हाकलणार आणि गेम तिथंच खलास. महिन्याभराची मेहनत होती माझी. आम्ही एक-शून्यनं पुढं होतो आणि एकोणऐंशीवं मिनिट लागलं. प्रत्येकाच्या नावापुढं उरलेली ताकद टक्क्यांत दिसायची. सगळा बचाव ज्याच्या जिवावर होता तो स्टॉपर चौपन्नवर आला होता. बाकावर उरलेला गडी असा, की बैलगाडीही त्याच्या पुढं जाईल.

"काढ त्याले," बाबा म्हणाले.

"बाबा, अकराच मिनिटं आहेत. बस अकरा मिनिटं अजून!"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मीबी असंच म्हटलं होतं. बस एक तास अजून. त्याचा पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नव्हता, लागोपाठ दुसरी पाळी करून राहिला होता तो. म्हणे, साब, आँखें बंद हो रही हैं, छोड़ दो. मले माल पाठवाचा होता." मग म्हणाले, "कोहक्याचा काका आपला नातेवाईक नाही, बाई."

मी स्टॉपरला बाहेर काढलं, त्या बाकावरच्याला आत घातलं.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्याच्याच बाजूनं गोल बसला. एक-एक. क्लब बुडाला, आणि मला काढून टाकल्याचं दोन ओळींचं पत्र पडद्यावर आलं. मी ढसाढसा रडले. राग बाबांचाच आला होता, खोटं कशाला बोलू.

बाबांनी लॉगशीट ओढून घेतली. एकोणऐंशी, माणूस बदलला. अठ्ठ्याऐंशी, गोल. मग पेन उचलून थांबले.

"तो स्टॉपर," त्यांनी विचारलं, "बराबर हाय ना? लागलं तं नाही त्याले?"

मी डोळे पुसले आणि यादीत त्याचं नाव शोधलं. "नाही बाबा. बसलाय बाकावर."

त्यांनी 'चोट'च्या रकान्यात 'निरंक' लिहिलं, आणि सही केली.