पाचोडची आत्या भिंतीवर

आमच्या शहरात भिंतींवर चित्रं काढून पसार होणाऱ्या त्या चित्रकाराबद्दल लोकांना फार माहिती आहे. तो तरुण आहे, दाढी राखतो, मुंबईला शिकून आलाय, प्रेमभंग झालाय आणि म्हणून मध्यरात्रीनंतरच रंग हातात धरतो. एका पेपरवाल्यानं तर लिहिलं होतं की त्याच्या चित्राची वरची कड नेहमी एकाच उंचीवर थांबते, ही त्याची खास शैली. अहो, शैली कसली डोंबलाची! माझी उंची पाच फुटाला कमी, तेलाच्या पालथ्या डब्यावर उभी राहिले की माझा हात तिथवरच पोचतो.

तर तो चित्रकार म्हणजे मी. दाढी नाही, प्रेमभंग नाही, मुंबई मी एकदाच पाहिली आणि ती मला आवडली नाही. मध्यरात्री मी घोरत असते. माझ्या नवऱ्याला यातलं आजही ठाऊक नाही. मोबाईलवर आलेले माझ्याच चित्रांचे फोटो तो मला दाखवतो आणि वर सांगतो, "बघ, याला म्हणतात कला. तुला साधी रांगोळी सरळ येत नाय." मी म्हणते, "खरंय बाई," आणि भाजी परतते.

चित्र काढायची खोड माहेरची. पाचोडला आमच्या घरी नागपंचमीचे नाग, लग्नातले हत्ती-घोडे, सगळं भिंतीवर बायकाच काढायच्या, गेरूनं आणि चुन्यानं. लग्न होऊन शहरात आले तर इथं भिंतीला डिस्टेंपर. साधा खिळा ठोकायचा तर नवऱ्याची परवानगी. हात नुसते शिवशिवायचे. कणकेत बोटांनी मोर काढायचे आणि पोळी लाटून टाकायचे. किती वर्षं असले मोर खाल्ले आम्ही, देव जाणे.

मग आली ती दुष्काळाची वर्षं. गंमत बघा, पाणी आटत होतं आणि शहर फुगत होतं. गारखेड्याच्या पुढं जिकडंतिकडं प्लॉट पडले. माणसं आधी कंपाउंडची भिंत बांधून घ्यायची, घर पुढं कधीतरी. आत नुसती बाभळ, बाहेर कोरीकरकरीत भिंत! मला तर भूक लागल्यासारखं व्हायचं.

आमच्या समोरच्या प्लॉटची भिंत मात्र कोरी राहिली नव्हती. येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष तिथं उभा राहायचा. कशासाठी ते सांगायला नको. आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडं. सासूबाई पोळ्या लाटता लाटता शिव्या द्यायच्या. 'येथे घाण करू नये' असं कुणीतरी लिहून पाहिलं, तर लोक ते वाचत वाचत उभे राहायचे. कुणी म्हणालं, देवांची चित्रं असलेल्या फरश्या लावा. मला ते पटेना. देवांनी काय पाप केलंय की त्यांना मुतारीवर पहाऱ्याला उभं करायचं? तिथं माझी आत्या पुरेशी होती.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. ऐन विशीत विधवा झाली आणि जन्मभर आमच्याच घरी राहिली. आवाज असा की आठवडी बाजारात ती भाव करायला लागली की चार दुकानांपलीकडचा माणूस आपणहून भाव उतरवायचा. कंबरेवर हात ठेवून तिनं नुसतं बघितलं की बैलसुद्धा रस्ता सोडायचा. एवढी वाघीण, पण घरात हळदी-कुंकू असलं की कुणी सांगायच्या आत उठायची आणि मागच्या पडवीत जाऊन शेंगा फोडत बसायची. मला लहानपणी वाटायचं तिला शेंगा फार आवडतात.

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मला तासभर द्या. त्या भिंतीवर असं काही काढते की एक माणूस थांबला तर नाव बदलीन." त्यांनी लाटणं खाली ठेवलं. म्हणाल्या, "नळाच्या दिवशी जा. मी भरते पाणी. पण एक सांगते, माझ्या लेकाला नाय कळलं पायजे, गल्लीत नाय कळलं पायजे. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी कुंचला चुलीत." सासूबाई बोललेलं करणाऱ्या. कुंचला चुलीत म्हणजे चुलीत.

नळाचा दिवस त्यांनी बरोबर हेरला होता. आमच्याकडं तेव्हा नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, तोही भर दुपारी. नळ आला रे आला की गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. बायका, माणसं, पोरं, सगळी आत. टाकी, हंडे, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा भरायचं. बाहेर हत्ती नाचवला असता तरी कुणी बघितलं नसतं. तर मध्यरात्र वगैरे सब झूट. मी ढळढळीत उन्हात, डोक्यावर पदर घेऊन काढायचे. रंग म्हणजे गेरू, चुना, कपड्यांची नीळ आणि औरंगपुऱ्यातून आणलेला थोडा काळा. आणि कालवायला तांदूळ धुतलेलं पाणी, कारण चांगलं पाणी मागितलं तर सासूबाई म्हणायच्या, "माणसाला नाय प्यायला आन् तू भिंतीला पाजतीस?"

आत्या उतरली भिंतीवर. कंबरेवर हात, भुवया वर, डोळे बशीएवढे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खिडकीत दबा धरून बसलो. एक माणूस आला, उभा राहिला, मान वर केली, आणि असा काही पळाला की सासूबाई हसून हसून ओट्याला धरून बसल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघत होते.

झालं, मला चटकच लागली. दर नळाला एक भिंत. टँकरच्या मागं पळणारे हंडे काढले, माणूस एकही नाही, नुसते पाय फुटलेले हंडे. स्कूटरच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसलेली म्हैस काढली. लोक फोटो काढायला लागले, तर्क लढवायला लागले, आणि इकडं प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की भिंत जायची. माझी कितीतरी चित्रं आज कुणाच्यातरी पार्किंगखाली गाडलेली आहेत. त्याचं मला वाईट वाटायचं नाही. हात मोकळा झाला की मी आठ दिवस माणसात असायचे. ते बंद झालं असतं तर मी कुणाच्या अंगावर धावून गेले असते, सांगता येत नाही.

पण त्या उन्हाळ्यात नळानं कहर केला. आठचे दहा, दहाचे बारा दिवस. नळ नाही म्हणून मला बाहेर पडता येईना, म्हणून चित्र नाही. आणि गल्लीनं याचा उलटाच अर्थ काढला. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांची मोटार सगळ्या गल्लीचं पाणी ओढून घ्यायची, त्या म्हणाल्या, "बघा, चित्र येतं तेव्हाच नळ येतो. चित्र रुसलं, नळ रुसला." दुसऱ्या दिवशी आत्याच्या पायाशी जास्वंदीचं फूल. तिसऱ्या दिवशी हळद-कुंकू. काकूंनी बोलून टाकलं की पाणी दाबानं आलं तर ओटी भरीन, आणि मेला तो नळ नेमका त्याच दुपारी दाबानं आला!

संपलं की मग! माझ्या आत्याची पाणीआई झाली. दर मंगळवारी सकाळी आरती. काकू सगळ्यांत पुढं. आत्याच्या नाकावर कुंकवाचा असा थर बसला की माझ्या रेषेचा पार सत्यानाश. मला संताप यायचा आणि बोलायची चोरी. एका मंगळवारी बघते तर सासूबाईच हात जोडून उभ्या! घरी आल्यावर म्हटलं, "आई, ती माझी आत्या आहे. तुम्ही तिच्या हातची भाकरी खाल्लीय." शांतपणे म्हणाल्या, "असू दे. नळ आला का नाय?"

आणि तेवढ्यात भावाचा फोन. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरात करायचं ठरलंय, आठ दिवस तुझ्याकडं राहील.

आत्यानं ती भिंत बघितली की तिचा आवाज थेट जालना रोडपर्यंत जाणार: "अगं बया, ही तर मी!" मग कुंचला चुलीत. सासूबाई आणि मी, एरवी मिठावरून भांडणाऱ्या, एका पक्षात आलो. नवऱ्याची भीती नव्हती, तो मोबाईलमधून मान वर काढत नाही. रिक्षा मागच्या गल्लीतून आणली. डोळ्यावर पट्टी होती तोवर निभलं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, तेव्हा आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला चादर लावली. आत्या म्हणाली, "डोळा केला तो काय चादर बघायला?"

मंगळवार उजाडला. मी कपडे वाळत घालून आत आले तर आत्या नाही. दारातल्या तिच्या चपला नाहीत. समोरून आरतीचा आवाज. मी तशीच ओल्या हातानं धावले.

आत्या भिंतीसमोर उभी होती. चष्मा काढून हातात धरलेला. नव्या डोळ्यानं ती स्वतःकडं बघत होती, कंबरेवर हात ठेवलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या स्वतःकडं. मी त्या आरोळीची वाट बघितली. आरोळी आली नाही. काकू ताट घेऊन एकेकीला हळद-कुंकू लावत येत होत्या. आत्यापाशी आल्या, तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, जरा बाजूला व्हा हं. देवीची ओटी भरायचीय."

आणि आत्या सरकली. लहान पोरीसारखी, कडेच्या नालीपाशी जाऊन उभी राहिली.

ती ओरडली असती तर मला चाललं असतं. हे मला बघवेना. आमच्या पडवीतल्या त्या शेंगांच्या टरफलांचा ढीग मला दिसला आणि माझं डोकंच फिरलं. "काकू! जिची ओटी भरताय तिलाच नालीत उभं करताय? डोळे फुटले का तुमचे? ही माझी आत्या आहे, आणि हे चित्र मी काढलंय!"

आरती थांबली. मग बायका हसायलाच लागल्या. काकू म्हणाल्या, "वहिनी, ऊन लागलं का? देवीबद्दल असं बोलू नाय." माझ्यावर कुणी विश्वास ठेवेल तर शपथ! मी त्यांच्या ताटातलं कुंकू बोटांवर घेतलं आणि तिथंच, आत्याच्या चित्राशेजारी, सरसर पाय फुटलेला हंडा काढला. तो हंडा सगळ्या शहराच्या ओळखीचा. बायकांचं हसणं जिथल्या तिथं राहिलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "व्हय, तीच काढती. पाणी मी भरते. काय म्हणणं हाय कुणाचं?" मी वळून बघितलं तर त्या पदर खोचून उभ्या होत्या, जणू भांडण त्यांचंच आहे.

आता कुठं आत्याला कंठ फुटला. ती नालीपासून चालत आली, कंबरेवर हात ठेवले, भुवया वर चढवल्या आणि माझ्यावर डोळे वटारले. "बये, एवढ्या गावापुढं मला उभी केलीस, आन् पायात पैंजण नाय? नाक तरी असलं हाय का माझं?"

बायका एकदा भिंतीकडं बघायच्या, एकदा आत्याकडं. समजवायला काही उरलंच नाही. काकूंचा चेहरा उतरला होता. भांडकुदळ आहेत, पाणी ओढतात, पण बाई मनानं वाईट नाही. त्या ताट घेऊन पुढं आल्या. आत्याचा पाय सवयीनं मागं सरकला. काकूंचं बोट कुंकवात बुडून हवेत थांबलेलं. आत्यानं तो पाय पुन्हा पुढं आणला आणि कपाळ वाकवलं.

मला रडू आलं, सांगायला लाज कसली! सासूबाईंनाही आलं, पण त्यांनी धुळीवर ढकललं.

गुपितही फुटलं नाही. नवऱ्यांना काही सांगायचं नाही यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांचं तिथल्या तिथं एकमत झालं, आणि ते त्यांचं एकमेव एकमत असेल. कुंचल्याचा विषय सासूबाईंनी काढला नाही. मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याला पाचोडच्या एस.टी.त बसवायला गेले. कपाळावरचं कुंकू तसंच होतं, रात्रभराच्या झोपेनं थोडं फिसकटलेलं. मला गाव आठवलं, तिथल्या जिभा आठवल्या. खिडकीतून पाण्याची बाटली तिच्या हातात देत मी हळूच म्हटलं, "आत्या, गाव यायच्या आधी पुसून घेशील का?"

तिनं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बाटली पिशवीत तळाशी खुपसली.

"एवढ्या दुष्काळात," ती म्हणाली, "पुसायला पाणी कुठंय गं?"