मधूच्या मोटारीचे मागचे पाटे

गॅरेजमध्ये जुन्या नट-बोल्टांचा एक डबा असतो. त्यातलं कोणी काही टाकून देत नाही आणि हवा तो बोल्ट कधी सापडत नाही. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. मधूच्या मोटारीचे तेवढे वर आले, ते सांगून टाकतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ करीम मिस्त्रींचं गॅरेज होतं आणि रविवारी आम्ही तिथेच पडीक. मी, मधू गांगुर्डे आणि कुलकर्णी. आम्ही तिघेही ओझरच्या विमान कारखान्यात. मधूनं एक काळी सेकंडहँड मोटार घेतली होती. ती घेऊन त्याला सरळ पट्टीवरच्या शर्यतीत उतरायचं होतं, आणि त्याच मोटारीतून वडिलांना दर पंधरवड्याला ओझरहून नाशिकला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. वडील, म्हणजे दादा, तीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर. त्यांची कंबर कामातून गेलेली.

भांडण होतं मागच्या पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचं. पाटे मऊ असले तर जोरात निघताना ते पिळतात आणि मागची चाकं जागच्या जागी उड्या मारतात. कडक केले तर मोटार सुटते, पण मागे बसणाऱ्याचं काही खरं नाही.

• • •

पाटे तपासायची करीम मिस्त्रींची स्वतःची पद्धत होती. डिकीत द्राक्षांची पेटी ठेवायची, पिंपळगावपर्यंत जाऊन यायचं आणि किती मणी गळाले ते बघायचं.

मधूनं दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे घालून घेतले. परत आल्यावर मिस्त्रींनी पेटी उघडली, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "ग्लास आणा."

• • •

मग कुलकर्णीनं हिशेब मांडला. तो ड्रॉइंग ऑफिसात होता, त्यामुळे बाण काढल्याशिवाय त्याला पाणीही पिता येत नसे. निघताना मागचं उजवं चाक उचललं जातं, म्हणून फक्त उजवीकडे एक जादा पाटा, असं ठरलं. हिशेब बरोबर होता. मोटार मात्र उभी असताना डावीकडे कलायची.

आग्रा रोडवर हवालदारानं अडवलं. "मागं कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"मग गाडी वाकडी का?"

कुलकर्णीनं खिशातून कागद काढला आणि दहा मिनिटं बाण समजावले. हवालदारानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"जावा साहेब," तो म्हणाला. "माझी ड्यूटी संपली."

• • •

शेवटी दोन्हीकडे एकेक जादा पाटा बसला आणि मधू दादांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "दादा, गाडी कशी वाटली?"

"चांगली आहे," दादा म्हणाले. "रस्त्यात काय काय पडलंय ते सगळं कळलं."

पुढचे दोन दिवस ते सतरंजीवर आडवे होते. त्यानंतरच्या खेपेला मधू मोटार पुसून तयार, तर दादा घरात नाहीत. न सांगता सकाळच्या एस.टी.नं गेले होते. मधूनं हे आम्हाला गॅरेजमध्ये सांगितलं. मलाही वाईट वाटलं.

• • •

शर्यत होती एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर. आदल्या दिवशी मधूनं जादा पाटे काढून टाकले आणि जुने मऊ पाटे होते तसे केले. "दादांना एस.टी.नं जायला लावून मला कप नकोय," एवढंच म्हणाला. कुलकर्णी त्याच्याशी दिवसभर बोलला नाही.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत झेंडा पडला, मागची चाकं थडथड उडाली आणि समोरची मोटार केव्हाच पुढे निघून गेली. मधू परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

तेवढ्यात बघ्यांमधून दादा आले. मागचं दार उघडून आत बसले.

"दादा, उतरा. तुमची कंबर…"

"रिकामी एस.टी. मागून उडते," दादा म्हणाले. "भरली की बसते. चल."

संयोजकांनी नियमांची वही दोनदा चाळली. माणसाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. करीम मिस्त्रींनी खिडकीतून द्राक्षांची पेटी दादांच्या मांडीवर ठेवली. "दादा, ये बी असू द्या." कुलकर्णीनं कागद काढला, मागच्या चाकांवर खाली येणारा एक बाण काढला आणि बाणाशेजारी लिहिलं, 'दादा'.

झेंडा पडला. चाकं उडाली नाहीत. शेवटच्या रेषेवर मधू अर्ध्या मोटारीनं पुढे होता.

आम्ही धावत पट्टीच्या टोकाला पोचलो तेव्हा दादा कोणाचा हात न धरता उतरले होते. पेटी बॉनेटवर ठेवून त्यांनी झाकण काढलं आणि आत नीट बघितलं. एक मणी तोडून तोंडात टाकला.

"मधू," ते म्हणाले, "पाटे हेच राहू देत."